गॅलनला अठरा आणि गॅलनला एकोणीस

यूट्यूबवर २००९च्या उन्हाळ्यातले काही व्हिडिओ आजही सापडतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा कार डीलरचं मागचं आवार, दोन-तीन मेकॅनिक आणि मधोमध एक धडधाकट गाडी. गाडीतलं ऑइल आधीच काढून टाकलेलं असतं. ऑइल भरायच्या तोंडातून कोणीतरी पाण्यासारखं दिसणारं एक द्रावण ओततं, गाडी सुरू करतं आणि ॲक्सिलरेटर दाबून धरतं. थोडा वेळ इंजिन नेहमीसारखं घुमत राहतं. मग आवाज बदलतो, खरखर सुरू होते, धूर येतो आणि एक आचका देऊन गाडी गप्प होते. कॅमेऱ्यामागचं कोणीतरी हसतं.

ते द्रावण म्हणजे सोडियम सिलिकेट. इंजिनाच्या उष्णतेने त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेली काचेसारखी पूड बेअरिंग्ज कायमची जाम करते. हा कोणा माथेफिरूचा उद्योग नव्हता. अमेरिकेच्या रस्ते वाहतूक सुरक्षा प्रशासनाने डीलर्सना दिलेल्या नियमावलीत ही कृती पाककृतीसारखी लिहिलेली होती: ४० टक्के सोडियम सिलिकेटचं द्रावण दोन क्वार्ट, म्हणजे साधारण दोन लिटर, आणि इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास, बंद पडेपर्यंत. प्रत्येक गाडीच्या मृत्यूमागे सरकार साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर देत होतं. एकूण खर्च साधारण २.८५ अब्ज डॉलर, मेलेल्या गाड्या सुमारे ६ लाख ७७ हजार.

योजनेचं अधिकृत नाव ‘कार अलाउन्स रिबेट सिस्टम’, आद्याक्षरं जुळवून ‘कार्स’. हे नाव कोणाच्याही लक्षात राहिलं नाही. लोकांच्या तोंडी बसलं ते ‘कॅश फॉर क्लंकर्स’. क्लंकर म्हणजे खटारा. मला या योजनेत पहिल्यांदा रस वाटला तो या नावामुळे. खटारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ढकलून सुरू करावी लागणारी, दार दोरीने बांधलेली गाडी. ती घेऊन तिच्या बदल्यात कोणी रोख पैसे देत असेल तर वाईट काय आहे? नाव ऐकताक्षणी अर्धा युक्तिवाद जिंकलेला असतो.

आता नियम वाचा. गाडी चालू स्थितीत हवी. किमान वर्षभर सलग तुमच्याच नावावर नोंदलेली हवी आणि वर्षभर तिचा विमा भरलेला हवा. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे जिला आपण खटारा म्हणू, ती नेमकी बाद. अंगणात विटांवर उभी असलेली, विमा संपलेली, महिन्याचे हप्ते भागवताना मागे राहून गेलेली गाडी या योजनेत बसत नव्हती. बसत होती ती रोज कामावर जाणारी, कागदपत्रं चोख असलेली गाडी, जर ती पेट्रोल पुरेसं पीत असेल तर. सरकारी आकड्यांनुसार एका गॅलनमध्ये १८ मैल किंवा त्याहून कमी जाणारी. आपल्या भाषेत लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास. जिने वीस वर्षं जपून कोरोला किंवा सिव्हिक चालवली, तिला काही नाही. ज्याने दहा वर्षं एकट्याने चार-चाकांना-पॉवरवाली एसयूव्ही ऑफिसला नेली, त्याला साडेचार हजार. तेही त्याने कोरी गाडी घेतली तरच. जुन्या गाडीच्या बदल्यात थोडी कमी जुनी गाडी घ्यायची सोय नव्हती, बसचा पास घ्यायची तर नव्हतीच.

(लोकांनी ठेवलेल्या नावांचा हा खेळ एकट्या अमेरिकेतला नाही. फ्रान्समध्ये १९९४ साली अशीच योजना आली तेव्हा लोकांनी पंतप्रधान एदुआर बालादूर यांच्या नावावरून तिला ‘बालादुरेत’ म्हटलं. पुढचे पंतप्रधान आलाँ ज्युपे यांच्या योजनेचं झालं ‘ज्युपेत’, ज्याचा फ्रेंचमध्ये आखूड स्कर्ट असाही अर्थ होतो. जर्मनीने २००९ सालीच नऊ वर्षांहून जुन्या गाडीमागे २५०० युरो दिले, एकूण पाच अब्ज युरो. सरकार त्याला ‘उमवेल्टप्रेमिए’, म्हणजे पर्यावरण बक्षीस म्हणत होतं. लोक म्हणाले ‘आबव्राकप्रेमिए’, भंगार बक्षीस. आणि हाच शब्द जर्मन भाषा संस्थेने त्या वर्षीचा शब्द म्हणून निवडला. जर्मन योजनेत नवी गाडी इंधन कमी पिणारी असलीच पाहिजे अशी अटही नव्हती. पर्यावरण फक्त नावात.)

पण नावावरून योजना नापास करणं सोपं आहे आणि ते पुरेसं नाही. करदात्याचा प्रश्न साधा आहे: हे पैसे दिले नसते तर काय झालं असतं?

२००९ आठवा. एप्रिलअखेर क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, १ जूनला जनरल मोटर्स. बेकारी दहा टक्क्यांकडे चाललेली. २४ जूनला ओबामांनी योजनेच्या कायद्यावर सही केली. जुलैच्या शेवटी दावे स्वीकारायला सुरुवात झाली आणि आठवड्याभरात पहिला एक अब्ज डॉलर संपत आला. काँग्रेसने घाईघाईने आणखी दोन अब्ज मंजूर केले, तेही २४ ऑगस्टपर्यंत जवळपास संपले. डीलरांकडे रांगा, टीव्हीवर रांगा, आणि वॉशिंग्टनमध्ये कधी नव्हे तो असा समज की सरकारचं काहीतरी भराभर चाललं.

ऑक्टोबरमध्ये एडमंड्स या गाड्यांच्या किमतींवर काम करणाऱ्या कंपनीने आकडा काढला. त्यांच्या मते या विक्रीपैकी फक्त सव्वा लाखाच्या आसपास गाड्या योजनेमुळे ‘जास्तीच्या’ खपल्या. बाकीच्या लोकांनी गाडी तशीही घेतलीच असती. म्हणजे खऱ्या अर्थाने वाढलेल्या प्रत्येक गाडीमागे २४ हजार डॉलर. व्हाइट हाउसने आपल्या ब्लॉगवर उत्तर दिलं, आणि त्या उत्तराचं शीर्षक मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका मजकूर वाटतो. एडमंड्स मंगळ ग्रहावरच्या गाड्यांची विक्री मोजण्यात गुंतलेली आहे, असा टोमणा त्यात होता.

टोमणा म्हणून झकास आहे. पण जरा थांबून पाहिलं तर त्यात एक गंमत आहे. योजना नसलेली अमेरिका हा खरोखरच दुसरा ग्रह आहे. तिथे कोणी जाऊ शकत नाही. आणि करदात्याच्या प्रश्नाचं उत्तर फक्त तिथेच मिळतं. रांगेत उभा असलेला माणूस दिसतो. तो रांग नसतानाही सप्टेंबरात आलाच असता, हे दिसत नाही. राजकारणी दिसणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवतात आणि न दिसणारीबद्दल विचारणाऱ्याला परग्रहवासी ठरवतात. फ्रेंच लेखक फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० साली फुटलेल्या खिडकीचं उदाहरण घेऊन हेच सांगितलं होतं: काच बसवणाऱ्याला काम मिळालेलं सगळ्यांना दिसतं, खिडकीच्या मालकाने त्या पैशात जे घेतलं असतं ते कोणालाच दिसत नाही. इथे तर खिडकी फोडायचे पैसेही सरकारनेच दिले.

पुढे काही वर्षांनी तो मंगळ सापडला. टेक्सासमध्ये.

मार्क होक्स्ट्रा, स्टीव्हन पुलर आणि जेरेमी वेस्ट या तीन अर्थतज्ज्ञांनी केलेलं काम इतकं साधं आहे की वाचताना आपल्याला का नाही सुचलं असं वाटतं. योजनेत १८ची रेषा होती. गॅलनला १८ मैल देणारी गाडी पात्र, १९ देणारी अपात्र. आता तुम्हीच सांगा, १८वाल्या आणि १९वाल्या कुटुंबांत काय फरक असणार? शेजारी शेजारी राहतात, पगार सारखे, गाडी जवळपास तशीच, एखाद्या मैलाने मॉडेल इकडचं तिकडे. म्हणजे १९वाले लोक हीच योजना नसलेली अमेरिका. त्यांनी टेक्सासमधल्या गाड्यांच्या नोंदणीची आकडेवारी घेतली आणि दोन्ही गटांनी कोणत्या महिन्यात काय खरेदी केली ते पाहिलं.

जुलै-ऑगस्टमध्ये १८वाल्यांनी अर्थातच जास्त गाड्या घेतल्या. पण ज्यांना अनुदान मिळालं त्यातल्या जवळजवळ ६० टक्के कुटुंबांनी त्या दोन महिन्यांत तशीही गाडी घेतली असती. उरलेल्या ४० टक्क्यांनी खरेदी फार तर आठ महिने अलीकडे ओढली. पुढच्या महिन्यांत १९वाले हळूहळू शोरूममध्ये येत राहिले, १८वाले घरी बसले, आणि वर्ष भरायच्या आत दोघांची बेरीज सारखी झाली.

इथपर्यंत निकाल निराशाजनक आहे, पण अनपेक्षित नाही. अनपेक्षित पुढे आहे. गाड्यांची संख्या सारखी झाली, गाड्या मात्र सारख्या नव्हत्या. अनुदान मिळवायचं तर नवी गाडी इंधन कमी पिणारी हवी, म्हणून १८वाल्यांनी छोट्या आणि स्वस्त गाड्या घेतल्या. सरासरी पाच हजार डॉलरने स्वस्त. योजनेत सर्वांत जास्त खपलेली गाडी होती टोयोटा कोरोला. म्हणजे सरकारने पैसे वाटले आणि दहा महिन्यांचा हिशेब केला तर गाडी उद्योगाकडे आलेला पैसा कमी झाला. या अभ्यासाचं नावच ‘कॅश फॉर कोरोलाज’ आहे. तो २०१७ साली छापून आला, म्हणजे रांगा ओसरून आठ वर्षं झाल्यावर. मंगळावरून सिग्नल यायला वेळ लागतो.

कोरोलावरून आठवलं. तेव्हा अमेरिकेत कोरोला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्येही बनत असे, जनरल मोटर्स आणि टोयोटाच्या भागीदारीतल्या कारखान्यात. जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली, आणि योजना संपली त्याच महिन्यात टोयोटाने तो कारखाना बंद करायचं जाहीर केलं. १ एप्रिल २०१० रोजी तो बंद झाला. देशातली सर्वांत जास्त मागणी त्या उन्हाळ्यात ज्या गाडीला होती, तिच्या कामगारांची ही अवस्था. आज त्या इमारतीत टेस्लाच्या गाड्या बनतात.

योजनेच्या बाजूने जे बोलतात त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मला खोडून न काढता मांडायचा आहे. ते म्हणतात, खरेदी अलीकडे ओढली गेली हा आरोप कसा होऊ शकतो? तोच तर हेतू होता. मंदीत मागणी आटते, पुढे परत येते. पुढची मागणी आजच्या खड्ड्यात आणून टाकायची म्हणजे खड्डा उथळ होतो. तत्त्व म्हणून मला हे पटतं. धरणातलं पाणी उन्हाळ्यात सोडतात, पावसाळ्यात नाही. पण मग पाणी कोणत्या महिन्यातून कोणत्या महिन्यात नेलं ते बघावं लागेल. अतिफ मियाँ आणि अमीर सुफी या दोघांनी जास्त खटारे असलेली शहरं आणि कमी खटारे असलेली शहरं यांची तुलना केली. त्यांना आढळलं की वाढलेली जवळजवळ सगळी विक्री मार्च २०१०पर्यंत उलट फिरली होती. मार्च २०१०मध्ये अमेरिकेतली बेकारी किती होती? दहा टक्क्यांच्या जेमतेम खाली, जुलै २००९पेक्षाही थोडी जास्त. एप्रिलचं पाणी मेमध्ये नाही, मेचं पाणी एप्रिलमध्ये नेलं. ब्रुकिंग्जच्या टेड गेयर आणि एमिली पार्कर यांनी २०१३ साली हिशेब मांडला तेव्हा निर्माण झालेल्या प्रत्येक रोजगारामागे १४ लाख डॉलर खर्च निघाला.

मग पर्यावरण? इथे मी स्वतः कागदावर आकडेमोड केली, तुम्हीही करू शकता. मोडीत गेलेल्या गाड्यांची सरासरी होती गॅलनला १५.८ मैल, नव्या गाड्यांची २४.९. ऐकायला मोठी उडी आहे. वर्षाला १२ हजार मैल धरले तर वर्षाकाठी सुमारे २७८ गॅलन पेट्रोल वाचतं, म्हणजे अडीच टनांच्या जरा खाली कार्बन डायऑक्साइड. एका गाडीमागे सरकारने सरासरी ४२०० डॉलर दिले. ती जुनी गाडी एरवी आणखी तीन वर्षं चालली असती असं धरलं तर टनाला साधारण ५७० डॉलर पडतात. पाच वर्षं धरली तर ३४०. यात नवी गाडी बनवताना झालेला धूर धरलेलाच नाही, आणि म्हाताऱ्या गाड्या वर्षाला १२ हजार मैल क्वचितच पळतात. पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या तज्ज्ञगटाने एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणारं नुकसान मोजलं. मधला अंदाज होता २१ डॉलर. तो आकडा तुम्हाला फार कमी वाटत असेल, मलाही वाटतो. तिप्पट करा, पाचपट करा, तरी ३४०पर्यंत पोहोचत नाही.

एक आरोप मात्र मी करणार नाही, जरी तो सर्वांत लोकप्रिय आहे आणि माझ्या सोयीचाही आहे. म्हणतात, या योजनेने गरिबांच्या जुन्या गाड्या महाग केल्या. मी त्याच ऑगस्टमध्ये टेक्सासमध्ये शिकायला उतरलो होतो. बसस्टॉप खोलीपासून पाऊण तास चालत, आणि किराणा दुकान त्याच्याही पलीकडे. आपल्याकडच्या मुलांमध्ये तिथे एक पद्धत होती: पास होऊन जाणारा सिनियर आपली गाडी दोन-अडीच हजार डॉलरला नव्या मुलाला द्यायचा. आमच्या आधी तेलुगू मुलं, मग आम्ही नाशिक-सांगलीची, मग गुजराती, अशी एकच सिव्हिक चार-चार हातांतून फिरायची आणि मागच्या सीटवर प्रत्येकाच्या आईने पाठवलेल्या मसाल्याचा वास राहायचा. त्या वर्षी आम्ही सगळेच ‘ओबामाने गाड्या मारल्या म्हणून भाव वाढले’ असं म्हणायचो. पण देशात तेव्हा जवळपास २५ कोटी गाड्या होत्या. पावणेसात लाख म्हणजे त्यांच्या तीन हजारांशांहूनही कमी, आणि त्याही बहुतेक पेट्रोलपिऊ एसयूव्ही आणि पिकअप, ज्या विद्यार्थ्याने फुकट मिळाल्या तरी घेतल्या नसत्या. जुन्या गाड्या महाग असायला त्या मंदीत दुसरी पुष्कळ कारणं होती. नव्या गाड्या न परवडणारे लोक जुन्यांकडे वळले होते, हे त्यातलं एक.

गरिबांचं नुकसान भावात नव्हतं, ते योजनेच्या रचनेत होतं. साडेचार हजार मिळवायला आधी १५ हजारांची कोरी गाडी घ्यायची ऐपत हवी, बँकेने कर्ज द्यायला हवं. खर्च सगळ्या करदात्यांचा, डोक्यामागे नऊ डॉलरच्या आसपास. लाभ त्यांचा, ज्यांच्यातले साठ टक्के दुकानाच्या दारातच उभे होते. आणि चालती गाडी ज्याच्या उपयोगाची होती, त्याच्या डोळ्यांदेखत तिच्या इंजिनात काच ओतायची. सुटे भाग विकायची मुभा होती, इंजिन सोडून. सांगाडा १८० दिवसांत चिरडायचा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ज्याने एकदा तरी स्कूटरचा कार्ब्युरेटर शोधला आहे, त्याला ते व्हिडिओ बघताना पोटात काहीतरी होतं. ही भावना आहे, युक्तिवाद नाही, एवढं मान्य करतो.

हे सगळं पुन्हा काढायचं कारण सांगलीहून आलेला फोन. बाबांची मारुती एकोणीस वर्षांची आहे. “अरे, गाडी भंगारात दिली तर सरकार काही देतं म्हणे?” देतं म्हणजे, आपल्याकडे ऑगस्ट २०२१पासून धोरण आहे. पण आपलं सरकार अमेरिकेसारखं रोख देत नाही. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडली की भंगाराचा भाव मिळतो, जो नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असेल असं धोरण जाहीर करताना सांगितलं गेलं. सोबत एक सर्टिफिकेट. ते दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर राज्य सरकारं रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतात. आणि गाडी ठेवायची म्हटलं तर एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली. गाजर लहान, छडी जरा मोठी.

“पण मला नवी गाडी कुठे घ्यायचीय? आठवड्यातून एकदा मार्केट यार्डला जातो मी.”

“मग बाबा, तुम्हाला भंगाराचा भाव. सर्टिफिकेट दुसऱ्या कोणाला विकता येईल.”

“म्हणजे सूट नवी गाडी घेणाऱ्याला.”

बाबांनी टेक्सासचा अभ्यास वाचलेला नाही.

सर्टिफिकेट विकता येतं ही गोष्ट, खरं सांगायचं तर, अमेरिकन योजनेपेक्षा बरी आहे. निदान जुन्या गाडीच्या मालकाकडे थोडे पैसे पोहोचायची वाट तरी आहे. आणि सूट रोख नसल्यामुळे आठवड्यात अब्जावधी उडून जायची भीती नाही. पण सूट म्हणजे राज्याच्या तिजोरीत न आलेला कर. तो कर न घेतल्यामुळे किती गाड्या खरंच मोडल्या गेल्या आणि किती लोकांनी तशीही नवी गाडी घेताना एक सर्टिफिकेट विकत घेऊन जोडलं, हा प्रश्न तसाच राहतो. आपल्याकडे १८ आणि १९ची रेषा नाही, पण रेषा आहेत. राज्यांनी सूट वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या टक्क्यांनी दिली. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये तर नुसती सीमा आहे. माणसं, रस्ते, ऊस सगळं सारखं. गाड्यांच्या नोंदणीचे राज्यवार आणि आरटीओवार आकडे केंद्राच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर महिन्यामहिन्याला दिसतात, तुमच्या फोनवरही उघडतात. सध्या मी महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या आरटीओंचे आकडे उतरवून घेतो आहे, एकेक महिना करून.